आजार ओळखीचा, उपचार परके

एका तरुणाचे वर्णन वाचायला दिले जाते. गेले काही आठवडे त्याला झोप लागत नाही, अन्नावरची वासना उडाली आहे, अभ्यासात लक्ष लागत नाही. आजाराचे नाव कुठेही लिहिलेले नसते. याला काय झाले असावे आणि कशाने बरे वाटेल, एवढेच विचारले जाते. ऑस्ट्रेलियात अँथनी जॉर्म आणि सहकाऱ्यांनी सामान्य लोकांची समज याच रीतीने तपासली आणि १९९७ साली 'मानसिक आरोग्य साक्षरता' ही कल्पना मांडली. त्या पाहणीत नैराश्य ३९ टक्के लोकांना ओळखता आले. मात्र औषधांपेक्षा जीवनसत्त्वेच उपयोगी, असे मानणारे अधिक निघाले.

अशी वर्णने पुढे विद्यार्थ्यांपुढेही अनेक देशांत ठेवली गेली, आणि ते रास्तच होते, कारण आयुष्यात कधीही होणाऱ्या मानसिक आजारांपैकी सुमारे तीन चतुर्थांश आजार वयाच्या चोविशीपर्यंत सुरू झालेले असतात. आज 'डिप्रेशन' हा शब्द कॉलेजच्या कट्ट्यावर सर्रास ऐकू येतो. स्किझोफ्रेनियाचे तसे नाही. त्याला आपण दिलेला 'छिन्नमनस्कता' हा प्रतिशब्दच वाट चुकवतो, असे मला वाटते. तो ऐकून एका देहात दोन माणसे डोळ्यांपुढे येतात, प्रत्यक्षात या आजारात भास आणि संशय असतात.

उपचारांविषयीचा गैरसमज अधिक चिवट आहे, आणि 'गोळ्यांची सवय लागते' ही समजूत तर स्वतःच स्वतःचा पुरावा तयार करते. नैराश्यावरील नेहमीच्या औषधांचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, मळमळीसारखा त्रास मात्र पहिल्या काही दिवसांतच होतो. काही आठवडे तग धरलेला विद्यार्थी बरे वाटताच डॉक्टरांना न विचारता गोळ्या एकदम थांबवतो, त्याला चक्कर येते, अस्वस्थ वाटते, आणि त्या त्रासालाच तो व्यसन समजतो; वास्तविक या औषधांची नशेसारखी ओढ लागत नाही आणि मात्रा हळूहळू कमी केली की हा त्रास बराच टळतो. 'शॉक'ची, म्हणजे विजेच्या झटक्याने केल्या जाणाऱ्या उपचाराची, धास्ती चित्रपटांनी पोसली. भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध दिल्याशिवाय तो देण्यास आपल्याकडे २०१७ च्या कायद्याने मनाईच आहे.

मग मेंदूचे विज्ञान समजावले की झाले? अमेरिकेत १९९६ आणि २००६ मधील पाहण्यांची तुलना केली, तेव्हा नैराश्य हा मेंदूचा विकार मानणारे ५४ वरून ६७ टक्के झाले होते, उपचारांना पाठिंबाही वाढला होता. पण अशा माणसाला शेजारी किंवा सहकारी म्हणून स्वीकारण्याची तयारी वाढली नव्हती. ती तयारी प्रौढांमध्ये व्याख्यानापेक्षा आजारातून सावरलेल्या माणसाशी समोरासमोर बोलल्याने अधिक वाढते. किशोरवयीनांमध्ये उलट शिकवण्याचा परिणाम जास्त दिसला, आणि महाविद्यालयातला अठरा वर्षांचा विद्यार्थी नेमका या दोन्हींच्या सीमेवर असतो.