दिव्याचा श्वास आणि भिंतीतलं पाणी

स्क्रू फिरवावाच लागला नाही, बोटांनी ओढला तर अलगद हातात आला. त्याच्या दात्यांवर काळपट भुसा होता. दिवा काढून मागच्या लाकडात बोट घातलं, तर चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं ते आत गेलं. बदलायचा होता फक्त एक दिवा, पण त्या भोकाकडे बघताना एक प्रश्न डोक्यात शिरला: एवढं पाणी आत आलं कसं?

आम्ही राहतो अमेरिकेत, पोर्टलंडला. तो दिवा आमच्या ट्रक कॅम्परचा. पिकअप ट्रकच्या मागच्या हौद्यात बसवायची छोटी खोली म्हणजे ट्रक कॅम्पर. आत शेगडी, सिंक आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर पुढे आलेल्या भागात झोपायची जागा. या पुढे आलेल्या भागाच्या कपाळावर पाच अंबर, म्हणजे पिवळट नारिंगी, दिवे असतात आणि मागे पाच लाल. 80 इंच किंवा त्याहून रुंद गाड्यांना असे दिवे लावण्याचा अमेरिकेत नियम आहे. कोपऱ्यांवरचे दोन गाडीची रुंदी दाखवतात आणि मधले तीन 'मोठं वाहन येतंय' असं लांबूनच सांगतात.

मला ही व्यवस्था फार शहाणपणाची वाटते. आपल्याकडे महामार्गावर कितीतरी ट्रक असे दिसतात, की पुढे ताजी लिंबू-मिरची टांगलेली आणि मागचा दिवा फुटलेला. बांधणाऱ्याची भीती खरी असते, रस्ता धोक्याचाच आहे. पण रात्री मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला ट्रक कुठे संपतो हे लिंबू सांगत नाही, दिवा सांगतो. लिंबू दर शनिवारी बदलतो, तसा दिवाही दर शनिवारी तपासला पाहिजे.

आता पाण्याकडे. शेजारी एक निवृत्त सुतार राहतात. त्यांनी लाकूड बघून लगेच निदान केलं, "हायवेवर साठ मैलांच्या वेगाने पाऊस आपटतो, पाणी घुसणारच." बहुतेकांना असंच वाटतं, मलाही वाटलं होतं. मग रात्री कागद-पेन्सिल घेऊन बसले.

ताशी 100 किलोमीटर वेगाने वारा समोर आदळला, तर तो पृष्ठभागावर साधारण 460 पास्कल जादा दाब देतो. पाण्याच्या भाषेत सांगायचं, तर जेमतेम पावणेपाच सेंटिमीटर उंचीच्या पाण्याएवढा. आणि गाडी धावते ती चार-पाच तास. उरलेला आठवडाभर कॅम्पर अंगणात निवांत उभा असतो, वारा नसताना पावसात भिजत. लाकूड एवढं कुजायला पाण्याला दुसरी वाट हवी.

ही वाट स्वयंपाकघरातल्या डब्याने दाखवली. गरम आमटी भरून झाकण घट्ट लावलं आणि डबा गार झाला, की झाकण उघडता उघडत नाही. आतली हवा आणि वाफ थंड होते, आतला दाब घटतो आणि बाहेरचं वातावरण झाकणाला दाबून धरतं. दिवाही असाच एक डबा आहे, फक्त त्याचं झाकण थोडं सैल असतं.

समजा दिव्याच्या आत 30 मिलिलिटर हवा आहे. सकाळी तापमान 10 अंश सेल्सिअस. दुपारच्या उन्हाने, किंवा बल्बच्या उष्णतेने, आतली हवा 50 अंशांवर गेली. शाळेतला चार्ल्सचा नियम आठवा, पण तापमान केल्विनमध्ये घ्या: 283 वरून 323. हवा 14 टक्क्यांनी फुगली, म्हणजे 30 मिलिलिटरची 34 झाली. जादा चार मिलिलिटर हवा फटीतून बाहेर गेली. हा झाला उच्छ्वास.

मग पावसाची सर येते आणि दिव्याचं प्लास्टिकचं भिंग, म्हणजे बल्बवरचं रंगीत झाकण, काही मिनिटांत पुन्हा 10 अंशांवर येतं. आता त्याच जागेत पूर्वीच्या 88 टक्केच हवा आहे. ती भरून निघाली नाही, तर आतला दाब 12 टक्क्यांनी खाली जायला हवा. वातावरणाचा दाब म्हणजे सुमारे 10.3 मीटर उंच पाण्याचा स्तंभ, त्याचे 12 टक्के म्हणजे सव्वा मीटर! महामार्गावरचा वारा पावणेपाच सेंटिमीटरने ढकलतो आणि उभ्या गाडीतला गार होणारा दिवा सव्वा मीटरपर्यंतच्या ताकदीने ओढू शकतो. हा आकडा कागदावर आला तेव्हा मी खुर्चीतून उठले होते.

प्रत्यक्षात ओढ एवढी वाढत नाही, कारण फटीतून काहीतरी आत येतंच आणि दाब सारखा होतो. ते 'काहीतरी' काय, हाच सगळा मुद्दा. फट कोरडी असेल तर हवा येते. फटीवर पाण्याचा पातळ थर बसलेला असेल, तर आधी ते पाणीच आत ओढलं जातं. भिंगाच्या वरच्या कडेला पावसाचं पाणी साचून राहतंच. एका फेरीत जास्तीत जास्त पाऊण चमचा पाणी आत जाऊ शकतं. वर्षभरात मुंबईत पडतो त्याच्या निम्माही पाऊस पोर्टलंडमध्ये पडत नाही, पण ऑक्टोबर ते मे रिपरिप चालू असते, मध्येच ऊन, पुन्हा सर. या दिव्याला श्वास घ्यायला याहून सोयीचं हवामान शोधून सापडणार नाही.

यावर कुणी विचारेल, की वायरच्या भोकातून भिंतीतली कोरडी हवा आत का येत नाही? येते, भोक मोकळं असेल तर. माझ्या दिव्यात आधीच्या कुणीतरी ते सिलिकॉनने गच्च बुजवलं होतं. मग आत शिरलेलं पाणी तळाशी साचलं आणि तिथे दिव्याच्या बैठकीतून, म्हणजे भिंतीला टेकणाऱ्या मागच्या भागातून, थेट लाकडात गेलेले दोन स्क्रू होते. पुढचं काम केशाकर्षणाचं. दोन ओल्या पृष्ठभागांमधली फट 0.1 मिलिमीटर असेल, तर पृष्ठताणामुळे पाणी तिच्यात सुमारे 15 सेंटिमीटर चढू शकतं. उंची फटीच्या व्यस्त प्रमाणात, म्हणून 5 मिलिमीटरच्या फटीत ते तीन मिलिमीटरच चढतं. बारीक फट पाणी धरून ठेवते, रुंद फट सोडून देते. लाकडातला ओलावा 20 टक्क्यांखाली राहिला तर कुजवणारी बुरशी वाढत नाही, पण त्या स्क्रूंभोवती तो कधी खाली येतच नसणार.

आता नवा दिवा. जुना 194 क्रमांकाचा बल्ब 3.8 वॅट घेतो आणि त्यातली बहुतेक ऊर्जा उष्णतेत जाते. एलईडी एक वॅटच्या आत भागवतो, म्हणून रात्री त्याचा श्वास उथळ असतो. मात्र उन्हाने तोही तापतो, आणि आत ओल शिरली तर ती वाळवायला त्याच्याकडे उष्णता नसते. वेष्टनावर '50,000 तास आयुष्य' छापलेलं असतं, ते चिपचं. दिवा मरतो तो सांध्यात शिरलेल्या पाण्याने. म्हणून ज्यात आतली सगळी पोकळी इपॉक्सीने, म्हणजे सुकून कडक होणाऱ्या राळेने, भरलेली आहे असेच दिवे मी घेतले. पोकळीच नाही, तर श्वास कुठला?

जुन्या लाल भिंगामागे पांढरा एलईडी बल्ब खोचण्याचा मोह टाळावा. पांढरा एलईडी म्हणजे निळी चिप आणि तिच्यावर पिवळा फॉस्फर, म्हणजे निळ्या प्रकाशाने पिवळा चमकणारा लेप. त्यात लाल प्रकाश कमी असतो आणि भिंग बाकीचा गिळून टाकतं. लाल भिंगामागे लाल एलईडीच हवा. शिवाय एलईडीला प्लस-मायनस असतं, उलटा जोडला तर पेटत नाही, पण त्याने घाबरू नये.

बसवताना बैठकीमागे ब्युटाइल टेपची पट्टी दिली. ही चिकट, मऊ पट्टी वर्षानुवर्षं लवचीक राहते. स्क्रू हळूहळू आवळले, कडेने बाहेर आलेलं ब्युटाइल दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या पट्टीने कापलं. मग सीलंट वरच्या कडेला आणि दोन्ही बाजूंना भरला. खालची कड मुद्दाम मोकळी ठेवली, म्हणजे चुकून गेलेलं पाणी निघून जाईल. सुतारकाकांना हे आधी पटलं नाही. मी 15 सेंटिमीटरचं गणित दाखवलं, तेव्हा ते घरी जाऊन काचेचे दोन तुकडे घेऊन आले, चिकटवून रंगीत पाण्यात उभे धरले आणि पाणी वर चढताना बराच वेळ बघत राहिले.

पुढचे चार दिवे झालेत. पाचव्यामागचं लाकूड अजून ओलं आहे. कुजका भाग कोरून काढलाय, भोकावर टेप आहे आणि आत रोज तासभर पंखा चालू असतो.