पाठीचा दावा आणि दाताच्या डॉक्टरांचे कागद

पाठीच्या दुखण्याने काम थांबलं, लाँग टर्म डिसॅबिलिटीचा (आजारामुळे दीर्घकाळ काम न जमल्यास दरमहा रक्कम देणाऱ्या विम्याचा) दावा मंजूर झाला, दरमहा पैसे येऊ लागले. मग एक दिवस विमा कंपनीचं पत्र येतं: दाताच्या आणि त्वचेच्या डॉक्टरांकडचे कागदही पाठवा. "त्यांचा माझ्या पाठीशी काय संबंध?" असं तुम्ही विचारणारच, आणि ते रास्तच आहे.

दावा मंजूर झाला तरी फाइल उघडीच असते. अमेरिकेतल्या नोकरीमार्फत मिळणाऱ्या बऱ्याच ग्रुप पॉलिसींत साधारण पहिले २४ महिने 'स्वतःचं काम जमत नाही' एवढं दाखवलं की भागतं. पुढे मात्र शिक्षण-अनुभवाला साजेसं कुठलंच काम जमत नाही, हे दाखवावं लागतं. हा टप्पा जवळ आला की कागदपत्रांची मागणी वाढू शकते.

त्या कागदांत कंपनी तुमचा दात शोधत नसते. दवाखान्यात शिरताना भरलेला फॉर्म आठवा. 'इतर काही आजार?' यापुढे घाईत 'नाही' वर खूण केलेली असते. डॉक्टरांनी "कसं काय?" विचारलं, तुम्ही सवयीने "बरं आहे" म्हणालात, आणि कागदावर उमटलं: रुग्णाची तक्रार नाही. कधी 'चाल सामान्य' हे वाक्य मागच्या भेटीच्या नोंदीतून जसंच्या तसं पुढे आलेलं असतं, तपासणी न होताच. तुमच्या मणक्याच्या डॉक्टरांनी दहा पानं लिहिली असली, तरी या एका ओळीवर बोट ठेवलं जातं. आमच्या मते हे अन्यायाचं आहे, पण त्याला तोंड द्यावंच लागतं.

म्हणून उपचार मात्र टाळू नका. दुखणं अंगावर काढलंत तर तब्येतही जाते आणि दावाही कमकुवत होतो. जिथे जाल तिथे मूळ आजार आणि चालू औषधं सांगा. खुर्चीत सलग बसवत नसेल तर तेही. वाढवून सांगू नका, लपवूही नका. भेटीनंतर पेशंट पोर्टलवर, म्हणजे दवाखान्याच्या ऑनलाइन खात्यावर, नोंद वाचा. चूक असेल तर दुरुस्तीसाठी लेखी अर्ज करण्याचा हक्क हिपा या रुग्णांच्या माहितीविषयीच्या अमेरिकी कायद्याने दिला आहे.

समुपदेशन घेत असाल तर विशेष जपा. अनेक पॉलिसी मानसिक आजारासाठीची रक्कम २४ महिन्यांवर थांबवतात. त्यामुळे दीर्घ दुखण्यातून आलेलं नैराश्य हेच मूळ कारण आहे, असं कंपनी म्हणू शकते. थेरपिस्टने स्वतंत्र ठेवलेल्या सायकोथेरपी नोट्ससाठी (सत्रांतल्या बोलण्याच्या टिपणांसाठी) वेगळं संमतीपत्र लागतं. सर्वसाधारण संमतीपत्रावर त्या देता येत नाहीत.

संमतीपत्रावर सही करण्याआधी कोणते डॉक्टर आणि किती काळाचे कागद मागितले आहेत ते पाहा. मागणी फार पसरट वाटली तर कारण लेखी विचारा. सरळ नकार मात्र देऊ नका. सहकार्याची अट बहुतेक पॉलिसींत असते आणि नकाराच्या जोरावर रक्कम थांबू शकते.

थांबवलीच, तर १९७४ च्या एरिसा कायद्याखालच्या (नोकरीमार्फतच्या लाभांविषयीच्या अमेरिकी कायद्याखालच्या) पॉलिसीत अपिलाला किमान १८० दिवस मिळतात. दाव्याची पूर्ण फाइल विनामूल्य मागवा. त्या चुकीच्या ओळीचा खुलासा संबंधित डॉक्टरांकडून लेखी घ्या आणि अपिलातच जोडा, कारण पुढे कोर्ट बहुधा फाइलमध्ये असलेलेच कागद पाहतं. रक्कम थांबवल्याचं पत्र हाती आलं की लिफाफ्यासकट आमच्याकडे घेऊन या. पत्रावरची तारीख आणि पोस्टाचा शिक्का, दोन्ही आम्हाला लागतात.