लिनोलियम म्हणता, पण अंथरलंय काय?

लालबागपासून बोरिवलीपर्यंत कुठेही जा, "फरशी खराब झाली होती, म्हणून वर लिनोलियम टाकलं" हे वाक्य कानावर पडतंच. खाली बघावं तर व्हिनाइल. गणपतीच्या आधी दुकानातल्या रोलमधून मीटरवर कापून आणलेलं, सागवानी फळ्यांचं चित्र छापलेलं पीव्हीसी. ते काय असतं, हे मुंबईकराला वेगळं सांगायला नको.

लिनोलियम मुळात प्लास्टिकच नाही. जवसाचं तेल हवेवर चिकट, घट्ट होऊ द्यायचं, त्यात राळ, बुचाचा चुरा, लाकडाचा भुसा, चुनखडीची पूड नि रंग मळायचा आणि तो गोळा गोणपाटावर लाटायचा. लॅटिनमध्ये लिनम म्हणजे जवस, ओलियम म्हणजे तेल. फ्रेडरिक वॉल्टन या इंग्रजाने 1863 मध्ये याचं पेटंट घेतलं. नावावरचा हक्क मात्र 1878 मध्ये कोर्टात गेला. स्कॉटलंडच्या नेर्न कंपनीविरुद्धच्या खटल्यात निकाल लागला की लिनोलियम हे त्या वस्तूचंच नाव झालंय, कुणीही वापरावं. तिथे निदान वस्तू तरी तीच होती!

लिनोलियम काय नि व्हिनाइल काय, दोन्ही रोलमध्ये येतात, दोन्ही पायाला मऊ लागतात. ते सोडा. घोळ होतो तो लादी पुसताना.

लिनोलियमच्या अंगात तेल आहे. तेलात सोड्यासारखी अल्कली घातली की काय होतं? साबण. घरी साबण करणाऱ्या कुणालाही विचारा. धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने लिनोलियम रोज पुसणं म्हणजे जमिनीचाच थोडाथोडा साबण करणं. ती फिकी पडते, खरखरीत होते. बादली ओतून खराट्याने धुवायची आपली सवय तर त्याहून वाईट. सांध्यांतून पाणी गोणपाटापर्यंत पोचलं की कडा फुगतात, खालून कुजायला लागतं. त्याला सौम्य साबण आणि घट्ट पिळलेलं फडकं, बस्स. व्हिनाइलला सोड्याचं सोयरसुतक नाही. त्याच्यावर रबरी पायपुसणं ठेवू नका, एवढंच. खाली पिवळा डाग पडतो आणि तो जात नाही.

म्हणूनच मला वैताग येतो तो "लिनोलियम नैसर्गिक असतं, पर्यावरणाला चांगलं" असं कुठेतरी वाचून पीव्हीसी घरी आणणाऱ्यांचा. त्याहून जास्त, खरं लिनोलियम मागवून ते मोरीला लागून बसवणाऱ्यांचा. माझं मत विचाराल तर स्वयंपाकघर, गॅलरी आणि तळमजल्यावरची ओल धरणारी खोली यांत लिनोलियम नकोच. वरच्या मजल्यावरच्या कोरड्या खोलीत मात्र सागवानाच्या छापील चित्रापेक्षा ते शंभर पटींनी बरं.

ओळखायचं कसं? तुकडा उलटा करा. मागे गोणपाटाची वीण दिसली आणि कापलेल्या कडेला वरचाच रंग खालपर्यंत असला, तर बहुधा लिनोलियम. नुसत्या रंगावर जाऊ नका, कारण हॉस्पिटलांत वापरतात त्या एकजिनसी व्हिनाइलमध्येही रंग आरपार असतो. नाकाचाही उपयोग होतो: नव्या लिनोलियमला जवसाच्या तेलाचा वास येतो, व्हिनाइलला नव्या रेनकोटचा.

आणि खरं लिनोलियम उलगडल्यावर पिवळट दिसलं, तर लगेच दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. अंधारात गुंडाळून राहिल्याने तसं होतं. खिडक्या उघड्या ठेवा, उजेड लागला की ती झाक उतरते.