'शनैः शनैः' कुठून आलं आणि कुठे राहून गेलं

२१ जूनला कोकणात पाऊस चांगलाच लागलेला असतो. शाळेच्या पडवीत ओलसर सतरंज्या अंथरायच्या, पागोळ्यांच्या आवाजात माईकवरच्या सूचना ऐकायच्या, असा आमचा योग दिन. संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २०१४ मध्ये तो जाहीर केला आणि २०१५ पासून तो साजरा होतो. त्या दिवसाच्या उत्साहात कितीतरी जणांच्या प्राणायामाचा श्रीगणेशा होतो. घेरंडसंहिता हा हठयोगाचा जुना ग्रंथ मात्र हेमंत, शिशिर, ग्रीष्म आणि वर्षा या ऋतूंत योगाचा आरंभ करू नका, केलात तर तो रोग देईल, असं बजावतो. आरंभ वसंतात किंवा शरदात करावा. पावसाळ्यात श्वासाचा अभ्यास करूच नये, असा अर्थ मी लावत नाही. पण चोंदलेलं नाक, न वाळलेले कपडे आणि भिंतींवरची बुरशी यांच्या सोबतीनं जून-जुलै काढणाऱ्याला त्या सूचनेतलं शहाणपण समजावून सांगावं लागत नाही. कधी सुरू करायचं, किती करायचं, कुठे थांबायचं, ही काळजी आजच्या डॉक्टरांनी मागाहून जोडलेली नाही. ती प्राणायामाइतकीच जुनी आहे.

योगसूत्रं रचणाऱ्या पतंजलींनी प्राणायामाची व्याख्याच 'तस्मिन् सति' या शब्दांनी सुरू केली. तस्मिन् सति म्हणजे ते झाल्यावर, आसन स्थिर झाल्यावर. आधी बसता आलं पाहिजे, मग श्वास. पुढे साधारण पंधराव्या शतकात स्वात्मारामांची हठप्रदीपिका, हठयोगाचा दुसरा ग्रंथ, आली आणि तिनं हे फार स्पष्ट सांगितलं:

यथा सिंहो गजो व्याघ्रो भवेद्वश्यः शनैः शनैः ।
तथैव सेवितो वायुरन्यथा हन्ति साधकम् ॥

सिंह, हत्ती, वाघ हळूहळूच माणसाळतात. वायूचंही तसंच, नाहीतर तो साधकालाच मारतो. चुकीच्या अभ्यासानं काय होतं तेही लगेच पुढे दिलं आहे: उचकी, दमा, खोकला, डोकं-कान-डोळे दुखणं. याच ग्रंथात दिवसातून चार वेळा ऐंशी कुंभकांपर्यंत, म्हणजे श्वास रोखून धरण्याच्या ऐंशी आवर्तनांपर्यंत, जावं, असाही श्लोक आहे. लोक त्यातले ऐंशी लक्षात ठेवतात. त्याच ओळीत ऐंशीच्या अगदी आधी 'शनैः', म्हणजे हळूहळू, आहे, ते सुटतं.

आणखी एक गोष्ट अशीच सुटली. आज सगळ्यांच्या तोंडी असलेली, झटक्याझटक्यानं श्वास सोडायची कपालभाती हठप्रदीपिकेत प्राणायामात मोडतच नाही. धौती, बस्ती, नेती, त्राटक, नौली यांच्यासोबतची ती सहावी शुद्धिक्रिया, कफ झडावा म्हणून सांगितलेली. ज्यांना मेद आणि कफ जास्त त्यांनी या सहा क्रिया आधी कराव्यात, असं ग्रंथ म्हणतो. कपालभातीला उपमा लोहाराच्या भात्याची आहे. लहानपणी पावसाळ्याच्या तोंडावर कोयतीला धार करून आणायला गेलो की मी तो भाता बघत बसायचो. लोहारकाका पहिल्यांदा अगदी हलकी हवा द्यायचे. कोळसा धुमसून लाल झाला की मग जोर. पहिल्याच झटक्यात भाता दाबला तर राख उडून तोंडावर यायची.

घरातला प्राणायाम संध्येतला. मुंज झालेल्या मुलाला पळी-पंचपात्र मिळायचं आणि त्याबरोबर नाकाला हात लावणंही. तर्जनी आणि मधलं बोट दुमडून अंगठा एका बाजूला, उरलेली दोन बोटं दुसऱ्या बाजूला. मी जोरात नाक दाबलं की आजोबा म्हणायचे, "अरे, पिळतोस काय! नुसतं टेकव." आणि मंत्र संपेपर्यंत श्वास पुरला नाही तर, "सोड. उद्या पुरेल." हे शिक्षण फार चांगलं होतं, पण ते ठरावीक जातीतल्या मुलग्यांपुरतंच होतं. आजी त्याच माजघरात जन्मभर वावरली आणि तिला ते कुणी शिकवलं नाही, याचं मला आज वाईट वाटतं.

त्या कुंपणाबाहेरची वाट नाथपंथाची. निवृत्तिनाथांकडून ज्ञानेश्वरांकडे आलेली ही परंपरा विसाव्या शतकात रत्नागिरीजवळच्या पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या (१९०३–१९७४) रूपानं नांदली. त्यांच्या सोऽहम् साधनेत येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष ठेवायचं असतं, ओढाताण नसते. मला ही श्वासाच्या अभ्यासाची सर्वांत निर्धोक पायरी वाटते.

सर्वसामान्यांसाठीचा योगवर्ग सुरू झाला तोही आपल्याच किनाऱ्यावर. डिसेंबर १९१८ मध्ये श्री योगेंद्र यांनी मुंबईत वेसाव्याला, दादाभाई नौरोजींच्या बंगल्यात, योग इन्स्टिट्यूट काढली. त्यांचे गुरुबंधू स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये घाटमाथ्यावर लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केलं आणि योगक्रिया एक्स-रे आणि मोजमापाच्या यंत्रांसमोर नेल्या. दोघेही नर्मदाकाठच्या मालसरच्या माधवदासजींचे शिष्य. शरीरात नेमकं काय होतं, हे तपासायची सवय इथून लागली.

ती सवय आज फार उपयोगी पडते. भराभर श्वास सोडला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. चक्कर येते, ओठांना-बोटांना मुंग्या येतात. अनेकांना ती 'शक्ती जागी झाल्याची' खूण वाटते. ती थांबण्याची खूण आहे. कुंभकात छातीतला दाब वाढतो, म्हणून रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू, हर्निया असणाऱ्यांनी आणि गरोदर बाईनं तो डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. २००४ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात २९ वर्षांच्या एका स्त्रीची नोंद आली; जोरकस कपालभातीनंतर तिच्या फुप्फुसातून हवा गळून छातीत साठली होती. असं क्वचितच घडतं, पण घडलं आहे.

मग 'शनैः' राहून गेलं कुठे? माझ्या मते, गुरू समोरून उठून पडद्यावर गेला तिथे. २००० नंतर सकाळच्या टीव्हीनं प्राणायाम वाडीवाडीत पोचवला. आजीला जे मिळालं नाही ते तिच्या नातसुनांना मिळालं, आणि हे ऋण मी मानतो. पण पडद्यावरच्या माणसाला समोरच्याचा चेहरा दिसत नाही. "सोड, उद्या पुरेल," असं तो कुणा एकाला म्हणू शकत नाही.

आमच्या शेजारच्या काकूंना रक्तदाबाची गोळी चालू आहे. टीव्ही बघून पहिल्याच दिवशी मिनिटाला साठ झटके देत बसल्या आणि ओटीवर आडव्या झाल्या. डॉक्टरांशी बोलून, नवरात्र झाल्यावर आम्ही पुन्हा सुरुवात केली: भिंतीला पाठ टेकून बसायचं, चार अंक मोजत श्वास घ्यायचा, सहा मोजत सोडायचा, मध्ये धरायचा नाही. दिवसाला पाच मिनिटं. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी कुंपणापलीकडून विचारलं, "आता आठपर्यंत नेऊ का रे?"

"सातपर्यंत न्या, काकू."