शेक संपला, गरगर सुरू

तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगाचे ‘लाइट’ किंवा शेक, म्हणजे किरणोपचार, संपतात, तोंडातल्या जखमा भरतात, पेजेवर काढलेला माणूस हळूहळू दूध-भाकरीच्या काल्यावर येतो, आणि मग एक दिवस तक्रार सुरू होते: चक्कर येते. घरचे म्हणतात, अशक्तपणा. दुकानातून चक्करेची गोळी येते, जमल्यास एक सलाइनही चढते. शेजारचे कोणी सांगते की लाइट अंगात साठून राहिलेत. हे साफ खोटे आहे. बाहेरून दिलेले किरण यंत्र बंद होताच संपतात; नातवाला मांडीवर घ्यायला काहीच हरकत नाही. मागे उरते ती किरणांनी केलेली मोडतोड. चक्कर त्यातल्या कुठल्या तुकड्यातून येते हे शोधायचे तर आधी ‘चक्कर’ हा शब्दच फोडावा लागतो.

घर फिरल्यासारखे वाटते ती गरगर. उठून उभे राहताना डोळ्यांपुढे येते ती अंधारी. पाय ठरत नाहीत तो गेलेला तोल. मराठीत इतके नेमके शब्द असताना दवाखान्यात मात्र सगळे ‘चक्कर’वर भागवतात.

किरणांची मात्रा ग्रे या एककात मोजतात. डोके-मानेच्या कर्करोगात ती साधारण ६० ते ७० ग्रे असते: रोज सुमारे २ ग्रे, आठवड्यातून ५ दिवस, सहा-सात आठवडे. पण ती पडते कुठे, यावर बरेच अवलंबून. तंबाखू-गुटख्यामुळे आपल्याकडे जास्त दिसणाऱ्या गालाच्या किंवा हिरडीच्या कर्करोगात आतला कान त्या मानाने लांब राहतो. कानापुढच्या लाळग्रंथीचा किंवा नाकामागच्या घशाचा कर्करोग (हा दुसरा नागालँडमध्ये बराच आढळतो) असेल, तर आतला कान किरणांच्या वाटेवरच येतो. उपचाराचा आराखडा करताना ऐकण्याच्या शंखाला सरासरी ४५ ग्रेपेक्षा कमी मात्रा मिळावी असे बघतात; शंखाला चिकटूनच असलेल्या, शरीराचा तोल सांभाळणाऱ्या नलिका मात्र आराखड्यात फारशा कोणी वेगळ्या आखत नाही. जोडीला सिस्प्लॅटिन हे औषध दिले असेल तर तेही आतल्या कानातल्या केशपेशींवरच, म्हणजे आवाज आणि हालचाल टिपणाऱ्या केसाळ पेशींवरच, घाव घालते.

या नलिकांचे काम घरबसल्या बघता येते. मोबाइल हातात धरून हात झपाझप डावीउजवीकडे हलवा. अक्षरे पुसट होतात. आता मोबाइल स्थिर ठेवा आणि तितक्याच वेगाने मान ‘नाही, नाही’ अशी हलवा. अक्षरे वाचता येतात! मान वळली की नलिकांतला द्रव मागे रेंगाळतो, केशपेशी वाकतात, आणि सुमारे एक शतांश सेकंदात डोळे उलट दिशेला वळतात. नुसत्या नजरेच्या भरवशावर हे इतक्या झटपट जमत नाही.

गंमत अशी की डोके स्थिर असतानाही तोलाच्या नसा गप्प नसतात. माकडांवरच्या प्रयोगांत नसेच्या एकेका तंतूतून सेकंदाला सरासरी ९०च्या आसपास विजेचे ठोके जाताना दिसले. मेंदू बघतो तो दोन्ही कानांच्या ठोक्यांतला फरक. उजवीकडे वळलात की उजवीकडचे ठोके वाढतात, डावीकडचे घटतात. आता समजा डावा कान दुखावला आणि त्याचे ठोके ४०वर आले. माणूस खाटेवर निश्चल पडलेला असतो, पण ९० आणि ४० हा हिशोब मेंदूला ‘उजवीकडे फिरतोय’ असाच वाचता येतो. डोळे डावीकडे सरकत राहतात, झटक्याने परत येतात, खोली फिरू लागते, उलटी होते.

दोन्ही कान सारखेच आणि सावकाश खचले, तर ४० विरुद्ध ४०. फरक शून्य, म्हणून गरगर नाही! पण संदेशाचा जोर कमी पडल्याने डोळे सावरत नाहीत. असा रुग्ण सांगतो, ‘चालताना दुकानांच्या पाट्या हलतात, रात्री दिवे गेले की भिंत धरावी लागते.’ गरगर नाही म्हणून कान ठीक, असा निष्कर्ष इथे हमखास चुकतो. डोळे तपासायचा तक्ता आधी स्थिर डोक्याने आणि मग डोके हलवत वाचायला लावावा. तीन किंवा अधिक ओळींचा फरक पडला तर संशय घ्यावा. एकेक कान वेगळा तपासायचा तर ३० आणि ४४ अंश सेल्सिअसचे पाणी कानात सोडतात; द्रव गार-गरम होऊन वाहतो आणि डोळे हलतात. हे कोडे उलगडणाऱ्या रॉबर्ट बारानींना १९१४चे नोबेल मिळाले, तेव्हा ते रशियाच्या ताब्यात युद्धकैदी होते. कानाच्या पडद्याला भोक असेल तर पाण्याऐवजी हवा वापरतात.

एका बाजूचा बिघाड मेंदू काही आठवड्यांत बराचसा जुळवून घेतो, पण त्यासाठी त्याला चूक दिसावी लागते. म्हणून प्रोक्लोरपेराझिनसारखी चक्कर दाबणारी गोळी पहिले दोन-तीन दिवस ठीक. महिनोन्‌महिने घेतली तर हीच जुळवाजुळव लांबते. त्यापेक्षा भिंतीवर एक अक्षर चिकटवावे, त्यावर नजर रोखून मिनिटभर मान डावीउजवीकडे हलवावी. वेग अक्षर पुसट होण्याच्या किंचित अलीकडचा. दिवसातून चार-पाच वेळा, सुरुवातीला बसून, मग उभ्याने, शेजारी कोणीतरी असताना.

फक्त कुशीवर वळताना मिनिटभराच्या आत थांबणारी गरगर निराळी. ती कॅल्शियम कार्बोनेटचे कण निसटून नलिकेत शिरल्याने होते, आणि लाइट न घेतलेल्यांनाही होते. डोके ठरावीक क्रमाने वळवून ते कण परत पाठवता येतात. एप्लीची पद्धत प्रसिद्ध आहे. पण त्यात मान मागे लोंबकळवावी लागते. किरणांनी ताठरलेल्या, शस्त्रक्रिया झालेल्या मानेवर व्हिडिओ बघून हा प्रयोग नको. मान न ताणता अख्खे धड वळवण्याची पद्धतही आहे, ती जाणकाराकडून करून घ्यावी.

कानाला दडे बसल्यासारखे आणि डोके तरंगल्यासारखे वाटत असेल तर घशातून कानाकडे जाणारी नळी सुजून मागे पाणी साठलेले असू शकते. अशा कानात तेल, पिचकारी, काडी काहीही नको. तिथली कातडी पातळ झालेली असते आणि खालचे हाड सहज भरून येत नाही. चक्करेबरोबर एकाएकी दोन-दोन दिसणे, बोबडी वळणे, हातपाय लुळे पडणे असेल तर थेट रुग्णालय गाठावे.

उरली अंधारी. तिचा उगम मानेत असू शकतो. कंठमण्याच्या किंचित वर, दोन्ही बाजूंच्या धमन्यांत रक्तदाब जोखणारे नसांचे जाळे आहे. किरणांनी धमनीची भिंत ताठर झाली की ते आंधळे होते. माणूस उभा राहतो आणि दाब सावरायचा निरोप उशिरा जातो. तपासणी साधी: पाच मिनिटे आडवे पडून दाब मोजायचा, मग उभे राहून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचा आकडा २० किंवा खालचा १०ने उतरला तर कारण सापडले. त्यात पाणी कमी पडलेले असते, वजन उतरलेले असते, आणि रक्तदाबाची गोळी मात्र आजारापूर्वीच्या वजनाला दिलेलीच चालू असते. ती डॉक्टरांना दाखवून आधी तपासून घ्यावी.