परदेशात नोकरी आणि आधार बडोद्यात: एनआरआय नोंदणी कशी करावी

रिफायनरी, खत कारखाना आणि पेट्रोकेमिकलच्या या गावातून मस्कत, दोहा, जुबैलला गेलेला एखादा तरी माणूस दांडिया बाजार किंवा बाबाजीपुऱ्यातल्या कुठल्याही मराठी घरात सापडतो. आता त्यांत टोरँटो आणि मेलबर्नची भर पडली आहे. यातल्या बऱ्याच जणांकडे आज आधार नाही, आणि त्याचं कारण साधं आहे. पहिलं आधार २०१० साली नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. जे त्याआधीच बाहेर गेले, त्यांचं राहून गेलं. पुढे सुट्टीवर आल्यावर कोणीतरी सांगितलं, "तुम्ही सहा महिने इथे राहिलेला नाहीत, तुमचं होणार नाही," आणि विषय तिथेच संपला.

ही समजूत जुन्या नियमावर आहे. मूळ कायद्यात आधार 'रहिवाशा'साठी होतं, आणि रहिवासी म्हणजे अर्जाच्या आधीच्या बारा महिन्यांत किमान १८२ दिवस भारतात राहिलेला माणूस. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी भारतीयांसाठी, म्हणजे एनआरआयसाठी, ही १८२ दिवसांची अट २०१९ साली काढली गेली. जुलैच्या अर्थसंकल्पात घोषणा झाली आणि त्याच वर्षी अंमलही सुरू झाला. म्हणजे आज तुम्ही अहमदाबादला विमानातून उतरलात तर उद्या बडोद्यात अर्ज करू शकता. अट एकच आहे, हातात मुदतीतला भारतीय पासपोर्ट हवा.

दूतावासात मात्र हे काम होत नाही. दहा बोटांचे ठसे, दोन्ही डोळ्यांची बुबुळं आणि चेहऱ्याचा फोटो भारतातल्या नोंदणी केंद्रावरच घेतात, त्यामुळे स्वतः यावंच लागतं. केंद्र देशातलं कुठलंही चालतं. सासर नाशिकला असेल आणि मुक्काम तिथे जास्त असेल, तर तिथे करा.

आधी एक खात्री करून घ्या. २०११-१२ च्या सुमारास सुट्टीत कधी घरच्यांबरोबर रांगेत उभे राहून ठसे दिले होते का? अनेकांनी दिलेले असतात आणि विसरलेले असतात. एकदा नोंद झालेली असेल तर दुसरी नोंदणी ठशांवरून ओळखली जाते आणि रद्द होते. अशा वेळी आधार देणाऱ्या यूआयडीएआय या सरकारी प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर हरवलेला क्रमांक शोधण्याची सोय आहे, ती वापरा. बाहेर गेल्यामुळे आधीचं आधार बाद होत नाही.

आणि हेही सांगायला हवं, की अनिवासी माणसाला आधार सक्तीचं नाही. अनिवासींची एनआरई-एनआरओ बँक खाती पासपोर्ट आणि व्हिसावर चालतात. आयकर कायद्याच्या व्याख्येनुसार जो अनिवासी आहे, त्याच्यावर पॅनला आधार जोडण्याचं बंधन नाही. तरी १ जुलै २०२३ नंतर कितीतरी जणांचं पॅन निष्क्रिय झालं, कारण ते अनिवासी आहेत हे आयकर खात्याच्या नोंदीतच नव्हतं. त्यावर उपाय म्हणजे आपल्या अधिकारक्षेत्रातल्या आयकर अधिकाऱ्याला पासपोर्टच्या प्रतीसह तसं कळवणं. केवळ पॅनच्या भीतीने आधार काढायला धावू नका. मात्र आईवडिलांच्या घराचे व्यवहार, डिजिलॉकर, ई-साइन, पुढे कायमचं परत येणं, हे सगळं डोळ्यांसमोर असेल, तर आधार काढून ठेवावं हे माझं स्पष्ट मत आहे.

पासपोर्ट नीट वाचा

ओळखीचा पुरावा म्हणून एनआरआयला पासपोर्टच लागतो, त्याला पर्याय नाही. जन्मतारखेसाठी तोच चालतो आणि पत्त्यासाठीही चालू शकतो. म्हणून विमानात बसण्याआधी पासपोर्टची पहिली आणि शेवटची दोन्ही पानं शांतपणे वाचा.

शेवटच्या पानावर बडोद्याचा पत्ता असेल आणि घर तेच असेल, तर काम जवळपास एका कागदावर होतं. पण अनेकांनी पासपोर्टचं नूतनीकरण परदेशातल्या भारतीय दूतावासातून केलेलं असतं आणि त्यावर तिथला पत्ता असतो. मग दोन वाटा आहेत. भारतातला पत्ता हवा असेल तर त्याचा वेगळा पुरावा द्यावा लागतो: एमजीव्हीसीएलचं वीजबिल किंवा पाइप गॅसचं बिल (तीन महिन्यांच्या आतलं), महापालिकेच्या घरवेऱ्याची म्हणजे घरपट्टीची पावती (वर्षाच्या आतली), किंवा यूआयडीएआयच्या यादीतला दुसरा कागद. हा कागद तुमच्याच नावावर हवा. आपल्याकडे इथेच अडतं. घर वडिलांच्या नावावर, बिल वडिलांच्या नावावर, आणि मुलगा ते बिल घेऊन रांगेत. तुमच्या नावावर काहीच नसेल तर सुट्टीच्या दोन-तीन महिने आधी घरच्यांशी बोलून यादीतला एखादा कागद तयार ठेवा. दुसरी वाट म्हणजे परदेशातलाच पत्ता देणं. जानेवारी २०२४ च्या नियमांपासून ती सोय आहे.

अर्जाचा नमुना पत्त्यावरून ठरतो. १८ वर्षांवरच्या एनआरआयने भारतातला पत्ता द्यायचा असेल तर फॉर्म १, परदेशातला द्यायचा असेल तर फॉर्म २. फॉर्म १ रहिवाशांसाठीही तोच आहे, म्हणून त्यात 'अनिवासी भारतीय' या चौकोनावर खूण करायला चुकू नका. ई-मेल पत्ता एनआरआयसाठी सक्तीचा आहे. ऑफिसचा देऊ नका, नोकरी बदलली की तो जातो.

मोबाइल नंबरचा विचार घरूनच करून निघा. परदेशी नंबरवर आधारचे संदेश येत नाहीत. पुढे ई-आधार उतरवायचं, पत्ता बदलायचा, कुठे ऑनलाइन ओळख पटवायची, या सगळ्याला ओटीपी लागतो. त्यामुळे स्वतःच्या नावावरचं भारतीय सिम घ्या, त्यावर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करा आणि रिचार्ज संपू देऊ नका. वापराविना पडलेलं सिम कंपनी बंद करते आणि तो नंबर पुढे दुसऱ्याला जातो. बाबांचा नंबर देण्याचा मोह होतो, पण मग रात्री दोहाहून फोन करून झोपलेल्या बाबांना ओटीपी विचारत बसावं लागतं.

केंद्रावर

बडोद्यात काही बँकांच्या शाखा, टपाल कार्यालयं आणि महापालिकेची वॉर्ड ऑफिसं अशा ठिकाणी केंद्रं आहेत. जवळचं केंद्र यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून किंवा १९४७ या हेल्पलाइनवरून कळतं, तिथे मराठीतही बोलता येतं. नवी नोंदणी होते का, की फक्त दुरुस्ती, हे आधी विचारून जा. मूळ कागद न्या. ऑपरेटर ते स्कॅन करून लगेच परत देतो. पासपोर्ट साइज फोटो लागत नाही.

खुर्चीवर बसल्यावर पहिलं वाक्य हेच असू द्या: "माझी नोंदणी एनआरआय म्हणून करायची आहे." रोज शेकडो रहिवाशांचं काम करणाऱ्या ऑपरेटरचा हात सवयीने रहिवाशाच्या पर्यायाकडे जातो. आमच्या नात्यातल्या एकाचं एका केंद्रावर असंच झालं. पासपोर्ट समोर असूनही नोंद रहिवासी म्हणून झाली, आणि पावती घेऊन घरी आल्यावर ते लक्षात आलं. हा किरकोळ फरक नाही. रहिवाशाच्या अर्जात 'मी गेल्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात होतो' असं तुम्ही सहीनिशी लिहून देता. जे खरं नाही त्यावर सही करू नका. एनआरआयसाठीचं घोषणापत्र वेगळं असतं, ते वाचूनच सही करा.

ऑपरेटर माहिती भरत असताना तुमच्या बाजूला वळवलेला एक स्क्रीन असतो. तो असायलाच हवा. त्यावर इंग्रजीत एक ओळ आणि खाली गुजरातीत एक ओळ दिसते, कारण इथल्या आधारवर दुसरी भाषा गुजराती असते. आपण इंग्रजी ओळ बघतो आणि मान डोलावतो. गुजराती ओळ संगणक इंग्रजीवरून आपोआप बनवतो, आणि मराठी आडनावांची गडबड तिथेच होते. 'काळे' इंग्रजीतून गुजरातीत जाताना 'काले' होतं, 'गोळे'चं 'गोले' होतं. गुजरातीत ळ आहे, फक्त तो हाताने टाकावा लागतो. ऑपरेटरला सांगा, तो बदलून देतो. पासपोर्टवर 'गायकवाड' राजघराण्याच्या जुन्या पद्धतीने 'ए' नंतर 'ई' लिहून आहे की 'ए' नंतर 'आय', हेही अक्षर अक्षर जुळवा. इथे सरकारी कागदांवर आडनाव आधी लिहायची पद्धत आहे, पण तुमच्या आधारवरचं नाव पासपोर्टशी जुळलं पाहिजे. लग्नानंतर पासपोर्टवरचं नाव बदललेलं नसेल, तर आधारवरही तेच नाव येईल. बदलायचं असेल तर आधी पासपोर्ट बदला. हे सगळं सबमिट करण्याआधी बघायचं, कारण आधारवर नाव साधारणपणे दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच.

ठशांबद्दल थोडं. रसायनं, सिमेंट, वेल्डिंग यांत वर्षानुवर्षं काम केलेल्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजतात आणि यंत्र पुन्हा पुन्हा नकार देतं. हात धुऊन, थोडं क्रीम लावून, पुसून पाहा. तरीही ठसे उमटले नाहीत तर केवळ त्यासाठी नोंदणी नाकारता येत नाही. बुबुळांवर ती होऊ शकते, आणि दोन्ही शक्य नसेल तर अपवाद म्हणून नोंद करायची तरतूद आहे. ऑपरेटरला हे शांतपणे सांगा, गरज पडली तर १९४७ वर तिथूनच फोन लावा.

नवी नोंदणी पूर्ण मोफत आहे. पैसे फक्त नंतरच्या दुरुस्तीचे पडतात. १ ऑक्टोबर २०२५ पासून नाव-पत्त्यासारख्या बदलाला ७५ रुपये आणि ठसे-फोटोच्या अद्ययावतीकरणाला १२५ रुपये आहेत. निघताना पावती घ्या. तिच्यावरचा १४ अंकी नोंदणी क्रमांक आणि तारीख-वेळ यांवरूनच पुढे अर्जाची स्थिती कळते. पावतीचा फोटो काढून घरच्यांनाही पाठवून ठेवा.

मुलं आणि परदेशी पासपोर्टवाले

मुलाचा भारतीय पासपोर्ट असेल तर तोही एनआरआय म्हणून नोंदवता येतो. पासपोर्ट त्याच्या स्वतःच्या नावाचा हवा. पाच वर्षांखालच्या मुलाचे ठसे घेत नाहीत, आई किंवा वडील आपल्या आधारवर ओळख पटवून संमती देतात. म्हणून आधी मोठ्यांचं आधार येऊ द्या, मग लहानाचं करा. पाच आणि पंधरा वर्षं पूर्ण झाल्यावर मुलांचे ठसे द्यावे लागतात. ५ ते ७ आणि १५ ते १७ या वयात ते मोफत आहे, तेव्हा सुट्टी त्या हिशेबाने आखा.

न्यू जर्सीत जन्मलेल्या, अमेरिकी पासपोर्टवरच्या नातवंडाला हा मार्ग नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी ते परदेशी नागरिकच, आणि त्यांना १८२ दिवसांची अट आजही लागू आहे. आजीआजोबांकडे दोन महिने राहून ते होणार नाही. अट पूर्ण करणाऱ्या ओसीआय धारकाचं आधार दहा वर्षांपुरतं असतं. शिवाय आधार हा कुणाच्याच नागरिकत्वाचा पुरावा नाही, ते कायद्यातच लिहिलेलं आहे.

सुट्टीचा हिशेब

केंद्रावर जायचा दिवस सुट्टीच्या पहिल्या आठवड्यातच धरा. दिवाळीत आलात तर इथली बरीच कामं लाभपाचमेपर्यंत रेंगाळतात, आणि जानेवारीत उत्तरायणाचे दोन दिवस गाव गच्चीवर असतं. काही कमी पडलं, पासपोर्टची एखादी प्रत अस्पष्ट आली, तर पुन्हा जायला हातात दिवस हवेत. क्रमांक हातोहात मिळत नाही. १८ वर्षांवरच्या नव्या नोंदणीची राज्य पातळीवर पडताळणी होते आणि त्याला १८० दिवसांपर्यंत लागू शकतात. त्यासाठी तिकीट पुढे ढकलू नका. ठसे देऊन परत जायला हरकत नाही, स्थिती तिकडूनही बघता येते.

क्रमांक आल्यावर ई-आधार उतरवून घ्या. छापील पत्राइतकंच ते वैध आहे. पासवर्ड म्हणजे इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि त्यापुढे जन्मवर्ष. मग संकेतस्थळावर किंवा आधारच्या ॲपवर जाऊन बायोमेट्रिक लॉक करून टाका, म्हणजे तुम्ही परदेशात असताना इथे कोणी तुमच्या ठशांचा वापर करू शकणार नाही. पुढच्या सुट्टीत इथे ठसे द्यायची वेळ आली की ते तेवढ्यापुरतं उघडता येतं.