शिदोरी आणि थांबा: मराठी प्रवासातल्या खाण्याची पार्श्वभूमी

कर्जतचा वडा, इगतपुरीचा वडा, यवतचं पिठलं-भाकरी. प्रवासाला निघणाऱ्याला ही नावं हमखास ऐकवली जातात. त्यांच्या प्रसिद्धीचं कारण चव हे नंतरचं. आधीचं कारण असं की तिथे थांबणं भागच होतं. जिथे थांबायची सोय नव्हती तिथला प्रश्न घरच्या शिदोरीने सोडवला. आपल्याकडचं प्रवासातलं खाणं या दोन गोष्टींनी घडवलं.

भोर घाटातून चाकाची गाडी जाईल असा रस्ता 1830 मध्ये खुला झाला. तरी पुणे-मुंबई हा बैलगाडीने काही दिवसांचाच प्रवास होता. शिदोरीवर तेव्हा दोन बंधनं होती. पहिलं पाण्याचं: पदार्थात ओल जितकी जास्त, तितका तो लवकर विटतो. दुसरं सोवळ्याचं, आणि ते सगळ्या घरांना सारखं लागू नव्हतं. ब्राह्मण आणि त्यांचे आचार पाळणाऱ्या घरांत पाण्यात शिजवलेला भात किंवा पाण्यात मळलेली पोळी खरकटी ठरे. दुधात मळलेली दशमी ठरत नसे. म्हणून दशमी वाटेवर चाले. शेतकऱ्याच्या फडक्यात भाकरी, कांदा आणि ठेचा असे, त्याला हा विचार करण्याचं कारण नव्हतं.

दशमीची कृती आजही तीच आहे. कणीक 2 वाट्या, 2 चमचे तुपाचं मोहन, चिमूटभर मीठ आणि लागेल तसं पाऊण ते एक वाटी कोमट दूध. गोड हवी असेल तर पाव ते अर्धी वाटी गूळ दुधात आधी विरघळवून गाळून घ्यावा. मग दूध कमी लागतं. दूध उकळून निवलेलं हवं, कारण गरम दुधात गूळ घातला की ते फाटतं. पीठ घट्ट मळून 20 मिनिटं झाकून ठेवावं आणि दशमी पोळीपेक्षा जाड लाटावी. बिघडते ती बहुतेक तव्यावर. दुधातली आणि गुळातली साखर लवकर करपते, त्यामुळे मोठ्या आचेवर वरून काळे डाग पडतात आणि मध्ये कच्चं राहतं. हे कच्चं पीठच दुसऱ्या दिवशी आंबतं. लोक मात्र दुधाला दोष देतात. मंद आचेवर, कडा दाबत भाजलेली दशमी थंडीत दोन-तीन दिवस टिकते, उन्हाळ्यात दीड दिवस धरावा. डब्यात भरण्याआधी जाळीवर किंवा सुती फडक्यावर पूर्ण निववावी. वाफ डब्यात अडकली की झाकणाला पाणी धरतं आणि बुरशी तिथून सुरू होते.

ज्वारीच्या पिठाला चिकटपणा नसतो. त्याची दशमी करताना दूध चांगलं गरम घ्यावं आणि लाटण्याऐवजी थापावी. चार वाट्या ज्वारीला एक वाटी कणीक घातली तर कडा चिरत नाहीत.

धपाट्यांत चूक होते ती कांद्यामुळे. ज्वारी 2 वाट्या, बेसन अर्धी वाटी, कणीक पाव वाटी, तीळ, ओवा, हळद, तिखट, लसूण आणि मीठ, एवढ्यावर धपाटं दोन दिवस जातं. कांदा, मेथी किंवा दही घातलं की ते त्याच दिवशी संपवायचं. मीठ लागल्यावर कांदा पाणी सोडत राहतो, आणि हे पाणी भाजताना पूर्ण उडत नाही. चवीला कांद्याचं धपाटं सरस आहे यात वाद नाही. ते घरी खावं.

सोलापूरकडची कडक भाकरी हे या तर्काचं शेवटचं टोक. पातळ थापलेली भाकरी आधी नेहमीसारखी भाजायची, मग मंद आरावर ओलावा पूर्ण जाईपर्यंत वाळवायची. मोडताना वाकली तर ती अजून ओली आहे. हवाबंद ठेवली तर महिनाभर सहज राहते. जोडीला शेंगदाण्याची चटणी: भाजून सोललेले दाणे 2 वाट्या, लसूण 12–15 पाकळ्या, तिखट 3 चमचे, जिरे 1 चमचा, मीठ. उखळात कुटताना दाण्याचं तेल सुटतं आणि चटणीला ओलसर पोत येतो. पाणी अजिबात लागत नाही. मिक्सर सलग फिरवला तर लगदा होतो, म्हणून थांबून थांबून फिरवावा. आठवड्याहून अधिक टिकवायची असेल तर लसूण कोरडा परतून घ्यावा.

या कृती घरांतून घरांत गेल्या त्या तोंडी, आणि मापं बदलल्यावर बिघडल्या. वजनाचा शेर 80 तोळ्यांचा, म्हणजे सुमारे 933 ग्रॅम. पावशेर 233 ग्रॅम आणि छटाक 58 ग्रॅमच्या आसपास. पण धान्य मापाने मोजत. पायलीचे शेर चारच, तरी पायली गावोगाव वेगळी. आजीच्या वहीत ‘पावशेर पीठ’ लिहिलं असेल तर ते वजन की माप, हे आधी ठरवावं लागतं. दशांश वजनं 1958 पासून लागू होऊ लागली. 1970 मध्ये आलेल्या कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’त मापं वाटी-चमच्याची आहेत, ती सोपी, फक्त एका कृतीला शेवटपर्यंत एकच वाटी वापरायला हवी.

आता थांबे. यवतला संत तुकाराम महाराजांची पालखी मुक्कामाला येते तेव्हा गावकरी वारकऱ्यांना पिठलं-भाकरी वाढतात. मोठ्या जमावाला कमी वेळात, भाजी निवडत न बसता देता येईल असं हे जेवण आहे. मुक्काम ठरलेला, म्हणून जेवणही ठरलेलं.

रेल्वेने मुक्काम काढून घेतला आणि काही मिनिटांचा थांबा दिला. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, 1863 मध्ये भोर घाटाचा लोहमार्ग सुरू झाला, 1865 मध्ये थळ घाट, म्हणजे कसारा घाट, ओलांडून गाडी इगतपुरीला पोचली. दोन्ही घाटांत दर 37 फुटांना 1 फूट असा चढ आहे. एवढा चढ एका इंजिनाला झेपत नाही, म्हणून पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला कर्जतला आणि नाशिककडे जाणाऱ्या गाडीला कसाऱ्याला मागून जादा इंजिनं, म्हणजे बँकर, जोडतात. कसाऱ्याला जोडलेली इगतपुरीला सुटतात. जोडण्या-सोडण्यात जाणारी मिनिटं हाच फलाटावरच्या विक्रेत्याचा धंदा. सुरुवातीला सोवळ्याचा प्रश्न स्टेशनांवरही होताच; ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ वेगळं मिळे. वडा कितीतरी नंतर आला, पण या थांब्याला तो नेमका बसला: ताट नको, सांडत नाही, कागदात गुंडाळून धावत्या गाडीत खाता येतो.

मात्र वडा ही शिदोरी नव्हे. उकडलेला बटाटा ओला असतो, आणि सकाळी तळून बंद डब्यात भरलेले वडे उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत आंबूस होतात. तळल्यापासून चार तासांत संपवावेत. फलाटावर घेताना ढीग बघू नये, कढई बघावी.

1 जून 1948 ला नगरहून पुण्याला पहिली एसटी सुटली आणि थांबा गाडी थांबवणाऱ्यांच्या हाती गेला. चहापाण्याला गाडी जिथे उभी राहते तिथलं हॉटेल चालतं, चांगलं असो वा नसो. म्हणूनच एसटीच्या थांब्यांबद्दलच्या शिफारशी फारशा भरवशाच्या नसतात. एसटी थांबणाऱ्या हॉटेलाला बहुधा स्पर्धा नसते.

2002 मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि खोपोली, लोणावळ्याचे जुने थांबे बहुतेक गाड्यांच्या वाटेतून गेले. आता तिथला वडा किंवा चिक्की हवी असेल तर मुद्दाम मार्ग सोडावा लागतो. त्यात जाणारा वेळ धरूनच कुणाला सुचवावं. 2019 मध्ये मुंबई-दिल्ली राजधानी नाशिकमार्गे सुरू झाली ती पुढे-मागे दोन इंजिनं लावून, म्हणजे कसाऱ्याला बँकर न जोडता. अशा गाडीने निघालेल्याला कसारा-इगतपुरीचा वडा सुचवण्यात अर्थ नाही. त्याला धपाटी बांधून द्यावीत, बिनकांद्याची.